कुकडीचं पाणी, शेजारचा ओढा आणि काळवीट: कर्जतचा आमदार नेमकं काय ठरवू शकतो?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार यांनी राम शिंदे यांचा अवघ्या १,२४३ मतांनी पराभव केला. इतक्या चुरशीच्या, त्यातही दुष्काळी मतदारसंघात पाण्याचं आश्वासन निकाल फिरवू शकतं. पण त्यातलं आमदाराच्या हातात किती असतं?

कर्जतला पाणी येतं कुठून?

कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाचही पुणे जिल्ह्यात. येडगावहून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा ओलांडून कर्जतला येतो आणि पुढे करमाळ्याकडे जातो. वरच्या भागात जास्त उपसा झाला, की कर्जतच्या चाऱ्यांना पाणी उशिरा येतं किंवा कमी पडतं. म्हणूनच इथे ‘टेल टू हेड’, म्हणजे शेवटच्या टोकाला आधी पाणी, ही मागणी होते.

आवर्तन कोण ठरवतं?

धरणांतला साठा पाहून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत नियोजन होतं आणि जलसंपदा विभाग पाणी सोडतो. आमदार तिथे मागणी मांडू शकतो, पाठपुरावा करू शकतो. पण कालव्याचं दार उघडण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही.

मग बोगद्याचा वाद काय आहे?

डिंभे ते माणिकडोह असा बोगदा काढून कुकडीच्या लाभक्षेत्राला जास्त पाणी मिळवून द्यावं, अशी मागणी आहे. रोहित पवार यांनी ती लावून धरली. आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील यांचा याला विरोध आहे. धरणाच्या तळाशी बोगदा पाडला तर डिंभे रिकामं होईल आणि आंबेगावचे शेतकरी अडचणीत येतील, असं ते सांगतात. राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ मध्ये फुटण्याआधी हे दोघे एकाच पक्षात होते. थोडक्यात, पाण्याच्या प्रश्नात पक्षापेक्षा आपला तालुका धरणाजवळ आहे की कालव्याच्या टोकाला, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

शेताशेजारचा ओढा कुणाचा?

सर्वसाधारणपणे सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले आणि त्यांतलं पाणी राज्य सरकारच्या मालकीचं असतं. बांधाला लागून आहे म्हणून कुणालाही ओढा बुजवता येत नाही. अतिक्रमण झालं तर तहसीलदारांकडे तक्रार करता येते.

पीक खाणारं काळवीट मारता येतं का?

नाही. कर्जत तालुक्यातच रेहेकुरी काळवीट अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत काळवीट येतं. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद होऊ शकते. पिकाचं नुकसान हे त्याला मारण्याचं कारण ठरत नाही. हा संसदेचा कायदा असल्याने कोणताही आमदार त्यातून सूट देऊ शकत नाही. वन विभागाकडून पंचनामा वेळेत व्हावा आणि भरपाई लवकर मिळावी, यासाठी मात्र तो जोर लावू शकतो.

मतदाराने काय विचारावं?

“पाणी आणू” असं कुणी म्हटलं, तर पुढचे प्रश्न विचारा: कोणत्या धरणातून? कुणाच्या वाट्याचं? मंजुरी कुठे अडली आहे? आणि गेल्या आवर्तनात शेवटच्या चारीपर्यंत किती दिवस पाणी आलं? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील, तर ते आश्वासन अजून कागदावरही उतरलेलं नाही.