गाडीचा गॅस संपत नाही, गळतो

गेल्या वर्षी मे महिन्यात मामू नानीला कोल्हापूरला डॉक्टरांकडे घेऊन निघाले. गाडी विजेवर चालणारी, घेऊन दोनच वर्षे झालेली. हातखंबा मागे पडला आणि एसीतून गरम हवा येऊ लागली. कोकणातला मे आणि नानीचे वय ऐंशीच्या पुढे. वाटेत एका गॅरेजवर गाडी थांबवली. तिथल्या मुलाने सांगितले, "चाचा, गॅस संपलाय. भरून देतो." थोड्या वेळात हवा गार झाली. मामूंनी पैसे दिले, वर दुआही दिली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गॅस भरला. महिनाभरात समोर लाल इशारा लागला आणि गाडी जागची हलेना. तपासणीत कळले की कॉम्प्रेसर बदलावा लागेल. उमऱ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्यात गेला.

त्या मुलाने फसवले नव्हते. पेट्रोलच्या गाड्यांचे एसी तो चांगले दुरुस्त करतो. ही गाडी वेगळी आहे, हे ना त्याला माहीत होते, ना मामूंना. २०२० च्या जानेवारीत टाटाची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. त्यानंतर अशा गाड्या आपल्याही गल्लीबोळांत दिसू लागल्या. म्हणून हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

फरक कुठे आहे?

पेट्रोलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. विजेच्या गाडीत पट्टा नसतो. कॉम्प्रेसरच्या पोटातच मोटर असते आणि ती मोठ्या बॅटरीवर चालते. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते, या बॅटरीत बहुधा ३०० व्होल्टहून जास्त असते. गॅस आणि त्यातले तेल थेट या मोटरच्या तारांना लागून वाहते. त्यामुळे तेल असे लागते, की ज्यातून वीज वाहणार नाही. बहुतेक विजेच्या गाड्यांत पीओई जातीचे तेल असते, तर पेट्रोलच्या गाड्यांत सहसा पीएजी जातीचे. गॅस भरायच्या मशीनच्या नळीत राहिलेले पीएजी तेल आत गेले, तरी वीज गॅसच्या नळ्यांपर्यंत झिरपू शकते. गाडी ते ओळखते आणि स्वतःला बंद करते. मामूंच्या गाडीचे हेच झाले होते.

दुसरी गोष्ट, बहुतेक नव्या गाड्यांत याच गॅसने बॅटरीही थंड ठेवली जाते. म्हणजे एसीचा बिघाड हा फक्त घामाचा प्रश्न नाही. बॅटरी तापली की चार्जिंग मंदावते आणि तिचे आयुष्यही घटते.

घरी काय पाहावे?

हवा गार आहे, पण कमी येते: आतला फिल्टर धुळीने भरला असेल. तो बदलणे स्वस्त काम आहे.

हवा भरपूर येते, पण गार नाही: गॅस गळाला असेल किंवा कॉम्प्रेसर चालत नसेल.

गाडी धावताना गार, सिग्नलला गरम: पुढचा पंखा बंद असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत माती अडकली असेल. आपल्याकडची तांबडी धूळ आणि समुद्राची खारी हवा ही जाळी लवकर खाते.

डाव्या पायाशी पाणी साचते: पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली असेल.

जलद चार्जिंग चालू असताना किंवा चार्ज अगदी कमी असताना गारवा घटतो: हा बहुधा बिघाड नसतो. गाडी आधी बॅटरी सांभाळते.

लाल इशारा लागला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि कंपनीला फोन करावा. बॉनेटखालच्या नारिंगी केबलला कधीही हात लावू नये.

कारागिराला काय विचारावे?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. लवकर कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. म्हणून पहिला प्रश्न, "गळती कुठे सापडली?" मामूंच्या कंडेन्सरला खडीच्या माराने बारीक भोक पडले होते. ते न बुजवता दोनदा गॅस भरला गेला.

दुसरा प्रश्न तेलाचा आणि मशीन आतून साफ केले आहे का, याचा. तिसरा वजनाचा. गॅस किती ग्रॅम भरायचा, हे बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. आधी नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यावी, मग काट्यावर तोलून गॅस भरावा. मापात घट करणाऱ्यांना कुरआनमध्ये किती कडक ताकीद आहे, हे सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्याला सांगायला नको. इथे तर कमी आणि जास्त, दोन्ही नुकसानीचे.

गळालेला गॅस हवेतही सलतो. जुन्या गाड्यांतला एक किलो आर-१३४ए जवळपास १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो.

आपल्या मुलांसाठी

कोकणातल्या कितीतरी घरांतले पुरुष आखाती देशांत एसीचे काम करून आले आहेत. गॅस, नळ्या, दाब यांचे अर्धे ज्ञान त्यांच्या हातात आहेच. उरलेले अर्धे म्हणजे मोठ्या व्होल्टेजचे: बॅटरी कशी तोडायची, नंतर किती मिनिटे थांबायचे, कोणते हातमोजे घालायचे, मीटरने वीज नसल्याची खात्री कशी करायची. हे अंदाजाने शिकायचे काम नाही, इथे चूक जिवावर बेतते. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहे, आणि आता इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचाही आहे. दहावीच्या निकालानंतर "आता काय?" विचारणाऱ्या मुलाला हेही सांगावे.

मामू परवा त्या गॅरेजवर गेले होते. भांडायला नाही, काय झाले ते सांगायला. मुलाने मान खाली घातली. मग म्हणाला, "चाचा, हे शिकायचं कुठं?" मामूंनी मला फोन लावला आणि तो त्याच्या हातात दिला.