आईच्या दोऱ्याची पारख

आई गेल्यावर तिची ट्रंक आम्ही बरेच दिवस उघडली नाही. घाटकोपरच्या घरात ती पलंगाखाली तशीच पडून होती. अखेर उघडली, तेव्हा तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत 23 रिळे. काही लाकडी, काही पुठ्ठ्याची, काही प्लॅस्टिकची. याच दोऱ्यांवर लोकांची पोलकी शिवून आईने आम्हाला बी.कॉम.पर्यंत शिकविले. ती टाकून देण्याचा विचारही मनात आला नाही.

सौभाग्यवतींनी त्यातला काळा दोरा घेऊन मुलीच्या शाळेच्या स्कर्टला शिवण घातली. दुसऱ्याच दिवशी शिवण उसवली आणि पोर रडत घरी आली. कापड शाबूत होते. दोरा जागोजागी तुटला होता. तेव्हा आम्ही डबा पुढ्यात घेऊन एकेक रीळ तपासले. ही पारख इतर घरांतही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

दोरा जुना म्हणजे वाईट, असे मुळीच नाही. तो कशाचा आहे, हे आधी पाहावे. लहानसा तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा वितळतो आणि टोकाला टणक मणी धरतो. पॉलिएस्टर उजेडापासून जपून ठेवला असेल, तर वर्षानुवर्षे टिकतो. सुताला मात्र उजेड, ओल आणि बुरशी खाते. मुंबईच्या पावसाळ्यात बंद ट्रंकेतही दमटपणा शिरतोच.

मग हातभर दोरा काढून दोन्ही हातांत धरावा व झटका द्यावा. चांगला दोरा बोटाला कापतो, पण सहजी तुटत नाही. कुजका दोरा आवाजही न करता सुटतो. वरचे थर उजेडाने आधी खराब होतात, म्हणून चार-पाच हात दोरा उलगडून आतला पुन्हा ताणून पाहावा. शेवटी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासावा. रंग उतरला तर फिक्या कापडाला तो वापरू नये.

काळ्या दोऱ्याबाबत जास्त सावध राहावे. सुताला काळे करण्यासाठी गंधकी रंग सर्रास वापरतात. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातून आम्ल तयार होऊन सूत आतून कमजोर होऊ शकते. वरून काळेभोर दिसले, तरी ताण सोसत नाही. आमचीही बहुधा तीच फसगत झाली.

तपासताना आजोबांची आठवण झाली. ते गिरणीत रिंग खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त. पण अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव असे. कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे, आणि आपल्या माणसाच्या तोंडचा धागा इतरांना विटाळ वाटे. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. ज्या समाजाला धाग्याला तोंड लावू दिले नाही, त्याच समाजातल्या आमच्या आईने सुईत ओवताना दोऱ्याचे टोक ओठांत धरून संसार उभा केला. म्हणून हा डबा आम्हाला जड वाटतो.

पण मायेने शिवण टिकत नाही. आम्ही कारकून माणसे, हिशेबच मांडला. नव्या रिळाचे वाचणारे पैसे थोडे. शिवण उसवली, तर कापड, मेहनत आणि गिऱ्हाईक तिन्ही जाते. शिलाईवर घर चालविणाऱ्या भगिनींनी तर गिऱ्हाइकाच्या कपड्याला संशयाचा दोरा लावूच नये. मशीनवरही असा दोरा सारखा तुटतो व त्याचा भुगा आत साचतो.

अखेर 9 रिळे खणखणीत निघाली. ती मशीनपाशी ठेवली. 6 मध्यम, ती कच्च्या टाक्यांसाठी, कारण तो दोरा पुढे काढूनच टाकायचा असतो. 8 निकामी. त्यांचा दोरा काढून टाकला, लाकडी रिळे मात्र राखली.

मुलीचा स्कर्ट आईच्याच निळ्या रिळाने पुन्हा शिवला. हे रीळ झटक्याला उतरले होते. या वेळी शिवण टिकली आहे.