चोवीस क्रमांकाची बस आणि लंडनची उद्याने

थेम्सच्या काठी पिम्लिको येथून निघणारी २४ क्रमांकाची दुमजली बस पार्लमेंट, ट्रॅफल्गार चौक, कॅम्डन टाउन असे टप्पे घेत उत्तरेस हॅम्पस्टेडच्या माळाच्या पायथ्याशी जाऊन विसावते. रहदारीने अडविले नाही तर हा प्रवास तासाभराचा. लंडन पाहावयास आलेला पाहुणा सामान्यतः राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये यांच्यामागे धावतो. परंतु ज्याला या शहराचे अर्थकारण समजून घ्यावयाचे असेल, त्याने एक दिवस या बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी बसावे आणि जेथे झाडी दिसेल तेथे उतरावे. तिकिटाची चिंता नको. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकविल्यापासून तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी भाडे एकदाच कापले जाते. २०१६ साली एका बदलापुरती सुरू झालेली ही सवलत २०१८ पासून अमर्याद झाली. शिवाय दिवसभराच्या एकूण भाड्यालाही कमाल मर्यादा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर त्या मर्यादेनंतर पुढच्या फेरीचा सीमांत खर्च शून्य. उद्यानाला प्रवेशमूल्य नसणे पुरेसे नाही. तेथवर पोचण्याचा खर्च गरिबाच्या आवाक्यात नसेल, तर ते उद्यान शेजारच्या श्रीमंतांचेच परसू होऊन बसते.

पार्लमेंटजवळ उतरून थोडे चालले की सेंट जेम्स पार्क लागते. आठव्या हेन्रीने १५३२ साली ही दलदलीची जमीन घेतली. १६६४ साली रशियन वकिलाने राजाला नजर केलेल्या पेलिकन पक्ष्यांची परंपरा तेथील तळ्यात अद्याप चालू आहे. अठराव्या शतकात राणी कॅरोलाइनच्या मनात आले, की हे उद्यान लोकांना बंद करून राजवाड्याची बाग करावी. खर्च किती येईल, असे तिने पंतप्रधान वॉलपोल यांना विचारले. ते म्हणाले, फक्त तीन क्राउन! क्राउन म्हणजे पाच शिलिंगांचे नाणे आणि क्राउन म्हणजे राजमुकुटही. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड यांचे तीन. ही कथा वॉलपोल यांच्या मुलाने लिहून ठेवली असल्याने पित्याच्या हजरजबाबीपणावर थोडी झिलई चढली असेलही. तथापि जमीन राजाची असली तरी तिच्यावरून चालण्याची सवय रयतेची होती, आणि ती मोडणे सिंहासनाला झेपणारे नव्हते, हे त्या मुरब्बी राजकारण्याने ओळखले होते.

पुन्हा बस धरून कॅम्डन टाउनला उतरावे. जवळचे रीजंट्स पार्क जन्माला आले ते लोकांसाठी नव्हे. १८११ च्या सुमारास जॉन नॅशने त्याचा आराखडा केला, तो राजसत्तेच्या जमिनीवर धनिकांसाठी बंगले उभारून उत्पन्न वाढविण्यासाठी. सामान्यांना १८३५ पासून प्रवेश मिळाला, तोही आरंभी काही भागात आणि आठवड्याचे दोन दिवस. त्याला लागूनच प्रिमरोझ टेकडी आहे. टेकडीच्या पलीकडे किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचे ते दिवस. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही वास्तू विकत घेतली, त्यामुळे मराठी माणसाची पावले आता इकडे वळतात. राजवाड्यांच्या यादीत न बसणारे हे घर पाहून टेकडीवर बसले, की सारे मध्य लंडन पायाशी दिसते.

मात्र ज्यासाठी ही बस पकडावयाची, तो हॅम्पस्टेडचा माळ शेवटच्या थांब्याशी आहे. सुमारे ३२० हेक्टरांचा हा प्रदेश उद्यान म्हणण्याइतका नीटनेटका नाही. गवत वाढलेले, वाटा चिखलाच्या, ओकची झाडे वेडीवाकडी. पार्लमेंट हिलवर पतंग उडविणारी मुले असतात आणि दूरवर सेंट पॉल्सचा घुमट. हा माळ उरला कसा? जमिनीचे मालक सर थॉमस मॅरियन विल्सन यांनी १८२९ पासून तेथे घरे बांधण्याची परवानगी मिळविण्यासाठी पार्लमेंटकडे वारंवार खटपट केली. विरोधकांत प्रतिष्ठित शेजारी होते. आपल्या घरासमोरची हिरवळ टिकावी हा त्यांचा स्वार्थ लपण्यासारखा नव्हता. पण त्या स्वार्थाने साऱ्या शहराचे कल्याण झाले, हे नाकारता येत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर १८७१ च्या कायद्याने सुमारे ४५ हजार पौंडांना हा माळ सार्वजनिक झाला.

येथल्या तलावांत लोक हिवाळ्यातही पोहतात. २००५ मध्ये पोहण्यासाठी शुल्क ठेवले गेले, ते प्रत्येकाच्या प्रामाणिकपणावर सोडून. २०२० पासून ते सक्तीने घेतले जाऊ लागले. आक्षेप घेणाऱ्यांची भीती अनाठायी नाही: एकदा तलावाला तिकीट लागले, की माळाला का नको? त्याच वेळी जीवरक्षकांचे पगार कोणी तरी द्यावयाचे असतात, हेही खरेच.

हा ‘कोणी तरी’ कोण, यावर लंडनमध्ये एकदा सर्वोच्च न्यायपीठापर्यंत झुंज झाली. १९८१ च्या ऑक्टोबरात तेथील महानगर परिषदेने बस आणि भुयारी रेल्वेची भाडी सुमारे एक तृतीयांशाने उतरविली व तूट मालमत्ताकरातून भरण्याचे ठरविले. शहराच्या कडेच्या ब्रॉमली विभागात भुयारी रेल्वे पोचतच नव्हती. मग तिच्या तुटीचा भार आम्ही का सोसावा, म्हणून त्या विभागाने दावा लावला. डिसेंबरात लॉर्डांच्या न्यायपीठाने सवलत बेकायदा ठरविली आणि मार्च १९८२ मध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली. ब्रॉमलीचा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता. परंतु रस्ते मोकळे राहणे, हवा स्वच्छ राहणे, कामगाराला रविवारी माळावर जाता येणे, या लाभांना त्या हिशेबात रकानाच नव्हता. भाडी १९८३ मध्ये पुन्हा उतरली. २०२२ मध्ये काटकसरीच्या यादीत खुद्द २४ क्रमांकाच्या बसचे नाव आले होते. प्रवाशांचा विरोध आणि महापौरांनी दिलेला जादा निधी यांमुळे ती वाचली.

माळाजवळूनच आगगाडी मिळते. १९६३ च्या बीचिंग अहवालाने हा लोहमार्ग बंद करावा असे सुचविले होते. तोही लोकांच्या चळवळीने टिकला, आणि आज तो पूर्व लंडनमधील हॅकनी विकपर्यंत नेतो. तेथून चालत व्हिक्टोरिया पार्क. हे उद्यान एका आकडेवारीने निर्माण केले म्हटले तरी चालेल. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये ईस्ट एंडमधील मृत्यूंचे प्रमाण मांडून तेथे उद्यान हवे असे लिहिले. पुढच्याच वर्षी ३० हजार सह्यांचा अर्ज राणीकडे गेला. खर्चासाठी यॉर्क हाउस हा प्रासाद ७२ हजार पौंडांना एका ड्यूकला विकण्यात आला. उद्यान १८४५ मध्ये खुले झाले. तीन वर्षांनी तेथे चार्टिस्ट कामगारांच्या सभा भरू लागल्या.

ऑगस्टमध्ये येथे तिकिटाचे संगीत महोत्सव भरतात. इंग्लंडमध्ये उद्याने राखणे हे स्थानिक संस्थांचे कायदेशीर कर्तव्य नाही. पैसा आटला की पहिली कात्री तेथे लागते आणि मग हिरवळ भाड्याने द्यावी लागते. दक्षिणेकडील ब्रॉकवेल पार्कमध्ये अशाच जलशांविरुद्ध एक रहिवासी न्यायालयात गेली आणि २०२५ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने परिषदेचा निर्णय चुकीचा ठरविला. जलसे मात्र झाले. व्हिक्टोरिया पार्कमध्ये त्या दिवसांत संध्याकाळी पोचलेल्या पाहुण्याला तळे दिसते, झाडे दिसतात, आणि मैदानाच्या एका अंगाला उंच कुंपण. कुंपणाच्या अलीकडे मुले चेंडू खेळत असतात.