कार्ड 'डिक्लाइन' झाले म्हणजे नेमके काय झाले?

थंडी सुरू झाली की रोल्लातल्या घराघरांत गावाकडून आई-बाबा यायला लागतात. मग एखाद्या संध्याकाळी नातीच्या कानातल्यांसाठी सगळे सोन्याच्या दुकानात जातात. बाबा आग्रहाने आपले कार्ड पुढे करतात. मशीनवर 'डिक्लाइन्ड' येते. दुकानदार पुन्हा लावून बघतो, पुन्हा तेच. मुलगा पटकन आपले कार्ड काढतो, विषय संपतो. पण बाबांच्या डोक्यात तो संपत नाही. खात्यात पैसे असताना चारचौघांत कार्ड नाकारले गेले, हे त्यांना लागते. आपल्या मंडळात हा अनुभव इतक्या घरांचा आहे की त्यामागे काय घडते ते एकदा नीट सांगावे असे वाटले.

कार्ड मशीनला लावले की दुकानदाराची बँक तो निरोप व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यात टाकते. तिथून तो भारतात, ज्या बँकेने कार्ड दिले तिच्या संगणकाकडे जातो. 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्या बँकेचा. हे सगळे दोन-तीन सेकंदांत होते. उत्तर येते ते दोन आकडी सांकेतिक क्रमांकात. ५१ म्हणजे शिल्लक पुरेशी नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५५ म्हणजे पिन चुकला, ५७ म्हणजे या कार्डाला असा व्यवहार करण्याची परवानगी नाही, ५९ म्हणजे फसवणुकीचा संशय. आणि ०५ म्हणजे नुसतेच 'व्यवहार मान्य करू नका', कारण गुलदस्त्यात! समोर चोर उभा असेल तर त्याला कारण कळू नये म्हणून बँका पुष्कळदा हाच क्रमांक पाठवतात. दुकानातल्या पोऱ्याला बहुतेक वेळा नुसते 'डिक्लाइन्ड' दिसते. त्यामुळे 'अकाउंटमध्ये पैसे नसतील, अंकल' हा त्याचा केवळ अंदाज असतो. तो मनावर घेऊ नये.

आता आपल्या आई-बाबांच्या बाबतीत पहिले कारण अगदी साधे आहे, आणि त्यात संशयाचा भागच नाही. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी एक परिपत्रक काढले. ते १ ऑक्टोबर २०२० पासून पूर्ण लागू झाले. त्यानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असते. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी, नुसते टेकवून पैसे देणे, हे सगळे ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यायचे. जुन्या कार्डावर या सोयी कधीच वापरल्या नसतील तर त्याही बंद करायला सांगितल्या होत्या. आता विचार करा, कधीच वापरल्या नसतील असे कार्ड कोणाचे? पेन्शन काढायला महिन्यातून एकदा एटीएमवर जाणाऱ्या माणसाचे! शिवाय साधे रुपे कार्ड हे देशांतर्गत वापराचे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये रुपे इथे यूएईत सुरू झाले हे खरे, पण परदेशात चालणारे रुपे कार्ड वेगळे मागून घ्यावे लागते.

एवढी कडक कुलपे कशाला, असे कोणी विचारेल. पुणेकर सभासदांना कॉसमॉस बँकेचे प्रकरण आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. आणखी दोन दिवसांनी हाँगकाँगला पाठवलेले धरून आकडा ९४ कोटींवर गेला. चोरांनी केले काय, तर वर सांगितलेल्या साखळीत बँकेच्या संगणकाच्या अलीकडे आपला एक खोटा संगणक बसवला. प्रश्न बँकेपर्यंत पोचायचाच नाही, हा मधला गडी परस्पर 'हो' म्हणायचा. ग्राहकांच्या खात्यांना झळ लागली नाही असे बँकेने तेव्हा सांगितले. पण भारतातल्या बँकेचे कार्ड परदेशात अचानक चालू लागणे हे किती महाग पडू शकते, ते त्या दिवशी दिसले.

दुसरे कारण मात्र संशयाचे. बँकेचे सॉफ्टवेअर प्रत्येक ग्राहकाच्या सवयी लक्षात ठेवते. कुठल्या गावात, किती वाजता, किती रकमेची, कसली खरेदी. साताऱ्याच्या एकाच एटीएमवर वर्षानुवर्षे दहा हजार काढणारे खाते एकदम शारजात दिसते, आणि तेही सराफाकडे! सोने पटकन विकता येते म्हणून चोरांना ते आवडते, म्हणून यंत्रालाही ते खटकते. ज्याची सवय जितकी नियमित, त्याचा छोटासा बदलही तितका मोठा दिसतो. म्हणजे शिस्तीत जगल्याचा हा दंड, असे म्हणायला हरकत नाही.

आणि यंत्र चुकते किती? हिशेबासाठी काल्पनिक आकडे धरू. एक लाख व्यवहारांत दहा चोरीचे आहेत. यंत्र त्यातले नऊ पकडते आणि प्रामाणिक व्यवहारांपैकी शंभरात फक्त एक चुकून अडवते. ऐकायला उत्तम! पण शंभरात एक म्हणजे लाखात जवळजवळ एक हजार. नऊ चोरांसाठी हजार सज्जन अडले. हे टाळायला चाळणी सैल केली तर चोर सुटतात. यातून कोणत्याही इंजिनिअरची सुटका नाही. आपल्या मंडळाच्या निधीला एखादे काका एकरकमी मोठी देणगी द्यायला गेले की तीही अशीच अडकू शकते.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. कार्ड अडले की माणूस घाबरलेला असतो, आणि 'तुमचे कार्ड ब्लॉक झाले आहे' हे वाक्य बँक वापरते तसेच भामटाही वापरतो. इथे तर एमिरेट्स आयडीची मुदत संपली आणि नवा दिला नाही तर बँक खरोखरच कार्ड थांबवते. म्हणून 'आयडी अपडेट करा, नाहीतर कार्ड बंद' असा खोटा एसएमएस सहज खरा वाटतो. आजोबांनी एकदा स्वतःच ओटीपी सांगितला की यंत्राच्या दृष्टीने सगळे जुळलेले असते, नंबर बरोबर, ओटीपी बरोबर. सोन्याचे कानातले अडवणारी चाळणी इथे बरेचदा गप्प बसते. यूएईच्या बँकांनी जुलै २०२५ पासून एसएमएसचा ओटीपी टप्प्याटप्प्याने बंद करून ॲपमधून मान्यता घ्यायला सुरुवात केली, त्यामागचे एक कारण हेच. मात्र बटणांचा फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांना तो बदल अवघड जातो, त्यांना घरातल्या कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागेल.

तेव्हा आई-बाबांचे तिकीट काढाल त्याच आठवड्यात त्यांना बँकेत पाठवा. कार्ड परदेशात चालणारे आहे का ते विचारायचे, परदेशातला वापर सुरू करायचा, मर्यादा मात्र हवी तेवढीच ठेवायची आणि परत गेल्यावर पुन्हा बंद करायचा. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर खरोखर त्यांच्याच हातातल्या फोनचा आहे ना, हेही बघा. तो कित्येकदा जुना किंवा पुण्यातल्या भाच्याचा निघतो! त्या सिमचे रोमिंग निघण्याआधी सुरू हवे, नाहीतर बँकेचा 'हा व्यवहार तुम्हीच केला का?' हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

दुकानात कार्ड अडले तर दोनदापेक्षा जास्त प्रयत्न करू नका. चुकीचा पिन तीनदा दिला की बहुतेक कार्डे बंद होतात. फोन यायची वाट न बघता आपणच बँकेला फोन करायचा, तोही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. ओटीपी चुकून दिला गेलाच तर लाजून गप्प बसू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले होते की ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे इथे मिनिटांना किंमत आहे. भारतात असाल तर १९३० या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. आणि एक बारीक गोष्ट: १८०० ने सुरू होणारे भारतातले फुकट नंबर इथून सहसा लागत नाहीत. बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर निघण्यापूर्वीच मोठ्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा, आणि तोच आपल्याही फोनमध्ये.