जमिनीवरून घर, घरावरून रक्तदाब

माकणीचं नाव बाहेरच्या माणसाला दोन कारणांनी ठाऊक असतं. एक म्हणजे तेरणेवरचं निम्न तेरणा धरण, आणि दुसरं 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. तेव्हा माकणी उमरगा तालुक्यात होती, लोहारा तालुका पुढे झाला. शेजारी सास्तूर, पलीकडे लातूर जिल्ह्यातली किल्लारी. गणपती बोळवून झोपलेल्या गावांवर 3 वाजून 56 मिनिटांनी दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. धरणाच्या पाण्यानं भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. त्या वादाइतकी चर्चा व्हायला हवी होती अशी आणखी एक गोष्ट आहे. भूकंपानंतरच्या वर्षांतला ताण कुणाच्या मेंदूवर किती पडला, ही ती गोष्ट.

भूकंपाचा एक हिशेब उफराटा होता. रुंद भिंती आणि वर्षानुवर्षं माती चढवलेलं जड माळवद ज्यांच्याकडे होतं, ते त्याखाली दबले. कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या घरात जीव वाचण्याची शक्यता अधिक होती. पण नवी गावं वसवताना जुना क्रम परत आला, आणि तोही सरकारी नियमानं. सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेली 52 गावं दुसरीकडे हलवली. तिथं घराचं क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला 750. कागदावर यात जात कुठेच नव्हती. पण मराठवाड्यात सातबारा कुणाच्या नावावर असतो हे सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं नसेल, तर तो भूमिहीनच ठरतो. कुटुंबाकडे जमीन किती होती, हे मदतीचं माप झालं. याला मी पुनर्वसन म्हणायला कचरतो.

योगायोग असा की त्याच सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत ब्रूस मॅक्यूअन आणि एलियट स्टेलर यांचा ताणाविषयीचा एक लेख प्रसिद्ध झाला, आणि पुढची तीस वर्षं संशोधक त्याच्या आधारानं बोलत आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन सोडतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, आणि माणूस तगतो. संकट सरलं की हे सगळं ओसरायला हवं. संकट रोजच उभं राहिलं, तर हीच यंत्रणा शरीराला झिजवते. रक्तवाहिन्या कडक होतात, मेंदूतल्या बारीक वाहिन्या अरुंद होतात, आणि स्मरणशक्तीचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात. शेवटी एखाद्या सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. ‘लकवा मारला’ असं गाव म्हणतं, जणू तो त्याच सकाळी आला.

ही झीज सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना पक्षाघाताचा धोका गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. हे त्यांच्या रक्तातच आहे, असं बरीच वर्षं मानलं जाई. संशोधक रिचर्ड कूपर यांनी 1997 मध्ये ते मोडून काढलं. आफ्रिकी वंशाच्याच लोकांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत 16 टक्के, कॅरिबियनमध्ये 26 आणि अमेरिकेत 33 टक्के निघालं. पूर्वज तेच, राहण्याची जागा वेगळी. 2003 पासून तीस हजार लोकांवर सुरू असलेल्या रिगार्ड्स या अमेरिकी अभ्यासात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांसारखी नेहमीची कारणं हिशेबात धरूनही पक्षाघाताच्या तफावतीचा साधारण निम्मा भाग उलगडेना.

जात म्हणजे वंश का, यावर 2001 मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकार आणि दलित संघटना समोरासमोर आल्या होत्या. तो वाद इथं मिटवायची गरज नाही. आपल्याकडचे पुरावे वेगळ्या दिशेनं आले. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर होण्याआधी मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली तेव्हा ‘खालच्या’ मानलेल्या जातीची मुलं मागे पडली. मेंदू तोच होता, फक्त वर्गातली हवा पालटली होती. 2022 मध्ये नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून दिसलं की सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचं आयुर्मान तीन वर्षांहून आणि आदिवासींचं चार वर्षांहून अधिक कमी आहे. गरिबी हिशेबात घेतली तरी त्यातली निम्म्याहून जास्त दरी तशीच राहते.

आता पुन्हा इकडे. भूकंपानंतर या पट्ट्यात कुणी कामच केलं नाही, असं नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं भूकंपग्रस्तांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास झाला. सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभं राहिलं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. पण एका रात्रीच्या धक्क्याला आपण आघात मानलं, आणि रोजच्या धक्क्यांना गावगाडा. जमीन हादरली त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 14 जानेवारी 1994 ला, डॉ. आंबेडकरांचं नाव जोडून मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याआधीची सोळा वर्षं, नामांतराच्या विरोधात झालेल्या 1978 च्या जळितापासून, इथल्या दलित वस्त्यांनी कोणत्या भीतीत काढली असतील? तिचे ढिगारे उपसायला लष्कर आलं नाही. आजही दवाखान्यात बीपी वाढलेल्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगतात, जसं काही ते त्यानं दुकानातून विकत आणलंय.

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू आजार नाही हे महाराष्ट्राला गडचिरोलीनं दाखवलं. तिथल्या ‘सर्च’ संस्थेचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांतले मृत्यू तपासले. पक्षाघात मृत्यूचं पहिलं कारण ठरला. दर सात मृत्यूंपैकी एक त्याचा होता, आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. माकणीकरानं त्यासाठी लातूर किंवा सोलापूर गाठायचं म्हटलं, तर गाडी कुणाची आहे इथपासून प्रश्न सुरू होतो.

गडचिरोलीसारखं काम माकणीच्या धाराशिव जिल्ह्यात करून त्यात जातीचा हिशेब घालायचा, तर अडचण नोंदीपासूनच आहे. वर्षानुवर्षं वापरात असलेला मृत्यू नोंदणीचा नमुना क्र. 2 काढून बघा. त्यात मृताचा धर्म विचारलेला आहे, व्यवसाय विचारलेला आहे. तंबाखू किती वर्षं खाल्ली, सुपारी किती वर्षं, दारू किती वर्षं, हेही विचारलेलं आहे. जात नाही. 30 एप्रिल 2025 ला केंद्र सरकारनं पुढच्या जनगणनेत जात मोजायचं जाहीर केलं, पण ती मोजणी जिवंत माणसांची. मृत्यूचं कारण आणि जात शेजारी ठेवून बघायची असतील तर या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागेल. तो सक्तीचा मात्र नको. ज्याच्या जातीवरून स्मशानाची वाटही अडवली जाते, त्याच्या घरच्यांनी तो कोरा ठेवला तर त्यांना कारण विचारण्याचा अधिकार कोणत्याच कारकुनाला नसावा.