देवळालीचा 'ताप'

नाशिकजवळच्या देवळालीत १८६१ मध्ये ब्रिटिशांनी लष्करी छावणी वसवली आणि बोटीने मुंबईत उतरलेल्या किंवा मायदेशी निघालेल्या गोऱ्या शिपायांचा तो मुक्कामाचा तळ झाला. सैनिक वाहून नेणारी जहाजे साधारणतः हिवाळ्याच्या हंगामातच ये-जा करीत असल्याने, ज्याच्या नोकरीची मुदत हंगाम सरल्यावर संपे त्याला उन्हाळा आणि पावसाळा बराकीतच काढावा लागे, आणि तोही फारसे काम नसताना. कंटाळा, उष्मा आणि हिवताप यांतून येणाऱ्या भ्रमिष्टपणाला सैनिकी बोलीत 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. त्यातले 'डूलॅली' म्हणजे देवळाली, तर 'टॅप' हा आपल्याच 'ताप' या शब्दाचा गोरा उच्चार होय. पुढे 'टॅप' गळाला आणि 'डूलॅली' म्हणजे वेडसर, हा अर्थ इंग्रजी शब्दकोशांत स्थिरावला. हा देवळालीवर अन्यायच म्हणायचा, कारण हवापालटासाठी मुंबईकर मुद्दाम तेथल्याच आरोग्यधामांत जाऊन राहत.