अठरा सेकंदांचा उपचार

कपाळाच्या डाव्या बाजूला, केसांच्या रेषेच्या जरा मागे, आठच्या आकड्यासारखी कॉइल टेकवतात. तिच्यातून काही हजार अँपिअर वीज सळसळून जाते. घरचा छताचा पंखा एका अँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्यावर फिरतो. कॉइलमधल्या त्या विजेतून जे चुंबकीय क्षेत्र उभं राहतं ते दीड ते दोन टेस्लाचं, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. कवटीचं हाड त्याला अडवत नाही. तरी त्याचा जोर आत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो, आणि टिकतो सुमारे 200 मायक्रोसेकंद. पापणी लवते तेवढ्यात असे पाचशे ठोके एकापाठोपाठ मावतील.

हा टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन: कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला चेतवणं. 1985 साली शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी माणसाच्या डोक्यावर अशी कॉइल धरली आणि हाताची बोटं आपोआप हलली. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला 2008 मध्ये मान्यता मिळाली. यात भूल लागत नाही आणि झटकेही आणत नाहीत. ‘शॉक’ या शब्दाने धास्तावलेल्या घरांना हे मुद्दाम सांगायला हवं.

आजही जोर किती ठेवायचा हे अंगठाच ठरवतो. कॉइल आधी हाताच्या हालचालींच्या जागेवर धरतात, अंगठा उडेपर्यंत जोर वाढवतात, आणि मग ती साधारण पाच सेंटिमीटर पुढे सरकवतात. सुमारे 8,600 कोटी चेतापेशींच्या मेंदूत वाट शोधायची, ती मोजपट्टीने! मला ही गोष्ट फार हलवून जाते.

नेहमीच्या पद्धतीत एका बैठकीत 3,000 ठोके असतात: चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद शांतता, असं साडेसदतीस मिनिटं. अशा तीस बैठका धरल्या तर सहा आठवड्यांत 90,000 ठोके होतात. आता त्यांना 200 मायक्रोसेकंदांनी गुणा. उत्तर येतं 18 सेकंद. दीड महिन्याच्या रिक्षाच्या फेऱ्या, कामावरच्या रजा, सोबतीला येणारी बहीण, आणि मेंदूला प्रत्यक्ष चुंबकाचा स्पर्श एवढाच. बाकी सगळा काळ मेंदू आपलं काम करत असतो.

स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी तेच 90,000 ठोके पाच दिवसांत बसवले. दिवसाला दहा बैठका, दर बैठकीला 1,800 ठोके, मधे पन्नास मिनिटांची विश्रांती. जागाही मोजपट्टीने ठरवली नाही, प्रत्येकाच्या मेंदूचं स्कॅन करून ठरवली. 29 जणांच्या चाचणीत खऱ्या उपचाराच्या 14 पैकी 11 जण पुढच्या चार आठवड्यांत नैराश्यातून बाहेर आले. खोट्या कॉइलखाली बसलेल्या 15 पैकी दोघं. आकडा विलक्षण आहे, पण माणसं 29 आहेत, हे विसरून चालणार नाही.

काहींसाठी कॉइल पुरत नाही. टोरंटोमध्ये हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांच्या मेंदूत खोलवर, ‘एरिया 25’ या भागाजवळ, सव्वा मिलिमीटर जाडीच्या तारा बसवल्या. 2005 मध्ये त्यांनी कळवलं की सहा महिन्यांनंतर चौघांना चांगला गुण आला होता. इथे स्पंद सेकंदाला 130 वेळा, रात्रंदिवस: दिवसाला 1 कोटी 12 लाख, वर्षाला सुमारे 410 कोटी. प्रत्येक स्पंद 90 मायक्रोसेकंदांचा धरला, तर चोवीस तासांत वीज खरोखर वाहते फक्त सतरा मिनिटं.

मग मोठी चाचणी झाली, 90 रुग्णांची, प्रत्येकाचे किमान चार उपचार आधीच फसलेले. सगळ्यांच्या मेंदूत तारा बसवल्या, पण तीस जणांचं यंत्र सुरुवातीला बंद ठेवलं. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा यंत्र चालू असलेल्यांपैकी 20 टक्क्यांना गुण, बंद असलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. चाचणी थांबली. कवटीला भोक पाडून घ्यायला तयार झालेल्या माणसांनी तो निकाल कसा ऐकला असेल, हे मनातून जात नाही.

पण अनेकांनी यंत्र काढलं नाही, नंतर ते सर्वांचंच चालू केलं होतं. दोन वर्षांनी पाहिलं तर जवळजवळ निम्म्यांना चांगला गुण आलेला. तोवर तुलनेला बंद यंत्राचा गट उरला नव्हता, म्हणून याला पुरावा म्हणता येत नाही. चाचणीने निकालासाठी सहा महिने दिले होते, म्हणजे सुमारे 205 कोटी स्पंद. हे निम्मे जण सावरलेले दिसले तेव्हा 820 कोटी होऊन गेले होते.